चित्रकलेच्या यादीतली पाचवी

वसतिगृहाच्या शाळेत येऊन अकरा दिवस झाले तरी ती कुणाशी सरळ बोलली नव्हती. "झोप लागली का गं?" असं कुणी विचारलं, तर "नाही लागली तर तू अंगाई म्हणणार आहेस का?" असं उत्तर यायचं. तिसऱ्याच दिवशी मुलींनी तिचं नाव तडतडी ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की एकदा रेक्टरबाईंच्या तोंडूनही निसटलं.

तिच्या रागाला कारण होतं. बाबांची बदली झाली आणि शेवटच्या परीक्षेच्या वर्षी शाळा बदलायला नको म्हणून तिला इथे आणून ठेवलं. शाळा तर बदललीच होती. धाकट्या भावाला मात्र बरोबर नेलं. "तो लहान आहे गं," आई म्हणाली होती. त्यानंतर आईशी ती फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली.

इथे नाव घरच्या फोनपुरतं. बाकी सगळा कारभार नंबरावर. पलंगाला नंबर, टॉवेलच्या खुंटीला नंबर, ताटाला नंबर, गणवेशाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेला नंबर. सकाळच्या प्रार्थनेतही नंबराप्रमाणे रांग. ती सगळ्यात शेवटी आली म्हणून तिचा सेहेचाळीस. तिच्या पलीकडचा पलंग, भिंतीलगतचा, सत्तेचाळिसावा. तो रिकामा होता. गादीची गुंडाळी करून दोरीने बांधलेली.

दुसऱ्या आठवड्यात सहावा विषय निवडायचा होता. वरचं गणित किंवा चित्रकला. तडतडीला चित्रकला हवी होती. हवी म्हणजे कशी, तर लहानपणापासून घरातल्या कुठल्याही वादात ती हरली की मागच्या खोलीत जाऊन चित्र काढायची, आणि चित्र संपेपर्यंत आपण हरलोय हे विसरायची. रविवारच्या फोनवर तिने विषय काढला, तेव्हा बाबा चक्क हसले.

"वर्ग भरत असेल तर घे की बेटा. माझी कुठे हरकत आहे? नाही भरला, तर मात्र गणित. ठरलं?"

इतक्या सहज हो म्हणाले, म्हणून तिला शंका यायला हवी होती.

चित्रकलेच्या खोलीच्या दारावर यादीचा कागद टाचणीने लावलेला होता. ज्यांना विषय हवा त्यांनी आपला नंबर लिहायचा. पाच नंबर झाले तर वर्ग, नाहीतर नाही. चार दिवसांत चार झाले, त्यातला एक तिचा. पाचव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, चारच होते. ती रेक्टरबाईंकडे धावली.

रेक्टरबाई पावत्यांना टाचण्या मारत होत्या. "अगं, दोन वर्षांत एकदाही भरला नाहीये तो वर्ग. तुझ्या बाबांना सांगितलं होतं की मी, प्रवेशाच्या वेळीच. त्यांनी मुद्दाम विचारलं होतं."

तडतडीच्या कानशिलात काहीतरी टकटकायला लागलं. मुद्दाम विचारलं होतं. आणि मग फोनवर हसले होते.

ती जिना उतरली, चित्रकलेच्या दाराशी गेली, पेन डाव्या हातात धरलं आणि कागदावर पाचवा नंबर लिहिला. सत्तेचाळीस. डाव्या हाताने, म्हणून आकडे उतरत्या पायरीसारखे खाली खाली गेले.  इतकं बरं आजवर तिला कधीच वाटलं नव्हतं.

वर्ग भरला.

चित्रकलेच्या सरांना मुली खोडरबर सर म्हणत, कारण खोडरबर दिसलं की ते जप्त करत. त्यांनी चित्राचा बोर्ड टेकवायचे पाच लाकडी घोडे मांडले, पाच बोर्ड लावले आणि हजेरी घेतली. "सेहेचाळीस." "हजर." "सत्तेचाळीस." ते पाचव्या घोड्याकडे बघत क्षणभर थांबले आणि त्यांनी हजेरीपटात खूण केली. तडतडीला वाटलं, सर आपल्यातले निघाले. वर्ग वाचावा म्हणून कानाडोळा करतायत. त्या दिवशी ती पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून 'थँक्यू' म्हणाली. सरांना ते कशाबद्दल हे कळलं नाही.

त्याच आठवड्यात सत्तेचाळिसाव्या पलंगावरची गादी उलगडली गेली आणि वर चादर आली. कपडे धुणाऱ्या मावशींना तिने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ऑफिसची चिठ्ठी आली, मी चादर घातली. मला काय करायचंय?" तेही बरोबरच होतं. यादीत नंबर आला की ताट, टॉवेल, चादर आपोआप येणार. एक खोटा आकडा एवढ्या मोठ्या कारभाराला कामाला लावतो, याची तिला गंमतच वाटली. चार दिवस ती जेवणाच्या टेबलाशी शेजारच्या भरलेल्या ताटातला उकडलेला बटाटाही उचलून खात होती.

पाचव्या दिवशी ते ताट रिकामं होतं. चमचा आडवा ठेवलेला.

"कुणी खाल्लं हे?" तिने समोरच्या मुलीला विचारलं.

"जिचं होतं तिने," ती मुलगी म्हणाली. "रोज रोज तू हावरटासारखं घेतेस, ती बिचारी काही बोलत नाही म्हणून."

सगळ्या हसल्या. तडतडीने ओळखलं, आपली फिरकी घेताहेत. यादीतली चोरी कुणीतरी पाहिली असणार. ती चवताळून उठली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

शनिवारी कपड्यांची गाठोडी आली. मावशींनी तिच्या हातात दोन दिली. दुसऱ्यात गणवेश होता, धुतलेला, वापरून मऊ पडलेला. कॉलरच्या आत लाल दोरा.

"तुझ्या शेजारणीला सांग बाई," मावशी म्हणाल्या, "बाहीला कोळसा लागू देऊ नकोस म्हणावं. घासून घासून माझी बोटं गेली, पण डाग हलत नाही."

डाव्या बाहीच्या कडेला काळपट पट्टा होता. चित्र काढताना ज्यांचा हात कागदावर घासतो, त्यांच्या बाहीला पडतो तसा. तडतडीने स्वतःच्या बाह्या उलटून पाहिल्या. तिला तर चित्राचा कोळसा अजून हातात दिलाच नव्हता. सर म्हणाले होते, "आधी पेन्सिल सांभाळ. तू कागद फाडतेस."

सोमवारी भिंतीवर एक चित्र लागलं होतं. कोळशाचं. खिडकीशी घोड्यावर ओणवलेली एक मुलगी, पाचव्या जागेवरून दिसेल तशी, बाजूने. मुलगी म्हणजे तीच होती. केसांची सुटलेली बट, पेन्सिलवर पांढरी पडलेली बोटं, आणि कानाखाली जबड्याची ती घट्ट रेघ. तिला स्वतःचा राग बाहेरून कसा दिसतो हे माहीत नव्हतं. तो केविलवाणा दिसत होता.

"बघ," सर तिला म्हणाले. "याला म्हणतात बघणं. तू नुसती भांडतेस कागदाशी."

"सर, हे कुणी काढलं?"

"असं काय करतेस? सत्तेचाळीसने."

"सर, ती नाहीये. तुम्हाला माहितीये ना, ती नाहीये?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "पाच मुली लागतात," ते म्हणाले. "पाच आहेत. आता बस जागेवर."

त्या दुपारी तिने शयनगृहातल्या मुलींना घेरलंच. "कशी दिसते ती? सांगा ना. उंच? बुटकी? गोरी? काळी?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कशी म्हणजे काय?" एकजण म्हणाली. "तशीच."

"शांत आहे," दुसरी म्हणाली. "तुझ्याबद्दल चांगलंच बोलते हं. तूच तिला आणलंस म्हणते."

तडतडीने हातातला तांब्या भिंतीवर फेकला. सत्तेचाळिसाव्या पलंगावर पाणी उडालं. मुली पुढे झाल्या आणि मुकाट्याने चादर बदलू लागल्या. आजारी माणसाची बदलतात तशी, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मध्ये काहीतरी असल्यासारखी.

ती रेक्टरबाईंच्या खोलीत दार न वाजवता शिरली.

"सत्तेचाळीस नंबर मी लिहिला. डाव्या हाताने. खोटा. ती मुलगी नाहीये. खोडा तो नंबर."

रेक्टरबाईंनी शांतपणे तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"खोडला तर चार उरतील," रेक्टरबाई म्हणाल्या. "विषय बंद. तुलाही गणित घ्यावं लागेल. बाबांना तेच हवं होतं ना?"

ते ऐकून तिच्या डोळ्यांत संतापाचं पाणी आलं. ज्यासाठी ती बाबांशी, आईशी, या सगळ्या इमारतीशी भांडली, ते स्वतःच्या हाताने सोडायचं.

"चालेल," ती म्हणाली. "गणित चालेल. खोडा."

"उशीर झाला गं. परीक्षेचे फॉर्म शनिवारीच शिक्के होऊन आले. आता विषय बदलत नाहीत, आणि मुलीही नाहीत."

रेक्टरबाईंनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढून पुढे सरकवला. नंबर सत्तेचाळीस. विषय सहावा, चित्रकला. खालची सही उतरत्या पायरीसारखी खाली खाली गेलेली.

डाव्या हाताची.

वरच्या चौकोनात फोटो चिकटवलेला होता. मागच्या बुधवारी फोटोवाला आला होता. त्याने एकेकीला लांब बाकावर बसवून फोटो काढले होते. या फोटोत राखाडी पडदा होता, बाकाची पाठ होती, आणि दुसरं काही नव्हतं.

"यात कुणीच नाहीये," ती ओरडली. "बघा ना! रिकामा आहे!"

रेक्टरबाईंनी चष्मा पुढे ओढून नीट पाहिलं.

"हसरी आहे," त्या म्हणाल्या. "तुझा बघ बरं, तो कसा आलाय."

त्यांनी सेहेचाळिसावा फॉर्म काढला.

फोटोवाल्याने तिला बाकाच्या मधोमध बसवलं होतं. हनुवटी धरून सरळ केलं होतं. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण त्याचा हात तिने झिडकारला होता.

फोटोत ती बाकाच्या अगदी टोकाला सरकलेली होती. एक खांदा चौकटीबाहेर गेला होता. शेजारी एका माणसापुरती जागा होती.

जो खांदा दिसत होता, त्याच्यावर गणवेशाचं कापड चार ठिकाणी दबलेलं होतं, बोटांच्या अंतरावर.