टावरच्या कुलपाला हळद

"गेली! परत गेली!" रीता पत्र्यावरूनच ओरडली. हातात ताईचा मोबाईल, पायाखाली मे महिन्याचा तापलेला पत्रा, आणि ही बया एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती!

"किती वाजले?" खालून तिचा चुलतभाऊ प्रेमदास.

"अकरा दहा! चार दिवस झाले, अकरा वाजले की रेंज गायब!"

नवा ड्रेस घालून ओट्यावर बसलेल्या दिपाताईचा चेहरा पार उतरला. बारा वाजता तिची पुण्याच्या नर्सिंग कॉलेजची मुलाखत होती, मोबाईलवर. वेळ एकदाच मिळणार. चुकली की जागा दुसऱ्या मुलीला! सिद्धेश्वर धरणाजवळच्या या तांड्यावर पूर्वी फोनवर आवाजसुद्धा अर्धाच यायचा. महिन्यापूर्वी भावसिंगकाकांच्या शेतातल्या टावरवर फाइव्ह-जी आलं आणि ताईने घरबसल्या फॉर्म भरला, तयारीचे तास ऐकले, यादीत नाव लागलं. आणि आज नेमकं हे!

"मी औंढ्याला जाते, तिथं रेंज असेल," ताई उठली.

"एसटी दहालाच गेली! तू बस, आमी बघून येतो!" पत्र्यावरून उतरून रीताने मोबाईल तिच्या हातात कोंबला.

वाटेत धम्मदीप भेटला. शेजारच्या गावातला हा पोरगा सुट्टीभर सायकल घेऊन तांड्यावरच पडलेला. तिघं धावत टावरपाशी पोचले. तारेचं कुंपण, दाराला कुलूप; चावी शेताचे मालक म्हणून भावसिंगकाकांकडे.

"टावर तर जाग्यावरच हाय," प्रेमदास म्हणाला.

"मग काय पळून जाईल व्हय?" रीता चिडली. तिला एका जागी उभंच राहवत नव्हतं.

"थांबा!" धम्मदीपने कान टवकारले. "तांड्यातली लाईट कधी गेली?"

"अकराला. रोजच जाते. दोनला येते."

"मग तो ढोल कसा फिरून राहिला?"

खडखड खडखड! भावसिंगकाकांच्या खळ्यातून आवाज येत होता. शिजवून वाळवलेली हळद पत्र्याच्या मोठ्या ढोलात घालून फिरवली की साल निघून ती चकचकीत होते. काकांचा ढोल चालायचा मोटारीवर. लाईट नाही, तर मोटार कशी चालते?

रीताने कुलूप न्याहाळलं. पिवळं! आतल्या लाईटच्या पेटीवर पिवळ्या बोटांचे ठसे! पेटीतून निघालेली काळी वायर पोत्यांखालून थेट खळ्याकडे गेली होती.

"अगं बाई! टावरची लाईन वेगळी हाय, ती कधीच जात न्हाई. काकांनी तीच काढून ढोलाला दिली!"

प्रेमदासने वायरकडे हात नेला.

"हात लावू नको! मरशील!" रीता खेकसली. "ज्यानं जोडली त्यानंच काढायची."

"काका ऐकतील? बोलायला लागले की अर्धा तास थांबत न्हाईत," प्रेमदास कुरकुरला. साडेअकरा वाजले होते. ताईची महिनाभराची मेहनत एका ढोलापायी वाया जाणार?

धम्मदीप एकदम हसला. त्याने बाभळीची मोठी फांदी सायकलमागे बांधली आणि धरणाच्या कच्च्या रस्त्यावर सुसाट सुटला. मागे धुराळाच धुराळा!

डाव ओळखून रीता खळ्यात धावली. "काका, तिकडं बघा! केवढा धुरळा! कोणाची गाडी असंल? टावरवाले तर न्हाईत?"

काकांनी पाहिलं आणि त्यांची भंबेरी उडाली! धोतर सावरत पळाले, कुलूप काढलं, वायर ओढली, टावरची लाईन होती तशी जोडली. ढोल थांबला. तेवढ्यात धुराळ्यातून नखशिखांत माखलेला धम्मदीप बाहेर आला.

"तू? गाडी कुठाय?"

"हीच की गाडी!" प्रेमदासला हसू आवरेना.

"कार्ट्यांनो!" काका भडकले. "उद्या हळद वसमतच्या बाजारात न्यायची हाय! अन् टावरला बॅटरी हाय की! तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतं?"

"ती बॅटरी कवाच बसली, काका! लाईट काढली की रेंज जाते," रीताचा आवाज रडवेला झाला. "बाराला दिपाताईची मुलाखत हाय. फक्त आजच!"

"मला काहून सांगितलं न्हाई कुणी?" काका पुटपुटले. मग हळदीच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "पण माझ्या हळदीचं काय?"

"आमी फिरवतो! हातानं!" रीता म्हणाली. धम्मदीप सायकलवर जाऊन ताईला सगळं सांगून आला; रेंज अजून यायची होती.

ढोलाला जुने दांडे होतेच. एकीकडे रीता आणि प्रेमदास, दुसरीकडे धम्मदीप. ढोल हलेना! मग काकांनीच खांदा लावला. खडखड, खडखड! हाताला फोड आले, घामात हळद कालवली, पण रीताचं ध्यान तांड्याकडेच. आली असेल का रेंज? लागला असेल का फोन?

साडेबाराला ताई पळत आली. मागे तांड्याचे नाईक, नेमसिंगबाबा.

"लागला?" तिघं एकदमच ओरडले.

"बाराला दोन मिनिटं असताना!" ताईला धाप लागली होती. "मध्येच मॅडम म्हणाल्या, मागं कसला आवाज येतोय? मी म्हटलं, हळदीचा ढोल. टावरला लाईट मिळावी म्हणून लेकरं हातानं फिरवून राहिलीत, माझ्यासाठी. मग मॅडम म्हणाल्या, एक जूनला हजर हो!"

रीताने ताईला घट्ट मिठी मारली. नवा ड्रेस पार पिवळा झाला!

"शाब्बास रे लेकरांनो!" नाईकबाबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. मग काकांपुढे हात पसरला. "चावी आन. आजपासून ती माझ्यापाशी."

काकांनी कमरेची चावी काढून दिली.

"अन् दिपा," बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "तांड्यातून पुण्याला शिकायला जाणारी तू पहिली पोरगी हायस. नीट जा, बाळा."