निम्म्या गोळ्या

सकाळी सव्वासातला ताईने क्षयाच्या चार गोळ्यांपैकी दोन रिकाम्या पोटी गिळल्या आणि उरलेल्या दोन धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवल्या. सलग एकविसावा दिवस.

ज्याच्या पावलांच्या चाहुलीसाठी सहा वर्षं तिचे कान आसुसले होते, तो भांडून गेलेला भाऊ, खोकत का होईना, दारात उभा राहिला होता! तो शाळेची व्हॅन चालवायचा. क्षयाचं नाव निघालं की नोकरी गेलीच, असं त्याने मनाशी धरलेलं. तपासणीचा विषय काढला की चपला पायात सरकवायचा. पुन्हा जाईल... या एका धास्तीने, आईमागे पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या त्या भावापुढे तिने आपलं औषध ठेवलं.

"लहानपणी पेन्सिलही अशीच मोडून वाटायचीस," तो हसला. "टोक मला, बोथट तुला."

"गीळ मुकाट्यानं."

त्याच दुपारी दवाखान्यात सिस्टरने ताईचं वजन केलं. दोन किलो घट! थांबलेला खोकलाही परतलेला.

"गोळ्या चुकवता का?"

ताईने नकारार्थी मान हलवली खरी, पण हुंदका फुटलाच. "निम्म्या भावाला देते हो... शाळेची व्हॅन चालवतो, नोकरी जाईल म्हणून तपासणीला येत नाही."

सिस्टर ओरडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. "एकेका गोळीत चार औषधं आहेत, आणि गोळ्या किती, ते तुमच्या वजनावर ठरलंय. निम्म्या मात्रेत जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. मग ते औषध ना तुम्हाला लागू पडणार, ना त्याला! त्याचं औषध त्याला वेगळं मिळेल, पण आधी तपासणी. आणि त्या व्हॅनमधली पोरं?"



संध्याकाळी तिने मन घट्ट केलं. "उद्यापासून माझ्यातली एकही गोळी मिळायची नाही. दवाखान्यात चल."

त्याने चपला घातल्या. "म्हणजे हाकलतेयस?"

"तुझी वाट बघून डोळे शिणले रे माझे, हाकलीन कशी? गेलास तरी चालेल... पण जिवंत राहा!"

उंबरठ्यात त्याने एक चप्पल काढली, मग दुसरी. वळला तेव्हा डोळे भरले होते. "मालकाला काय सांगू?"

"खरं तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दोघांनी दवाखान्यात थुंकीचे नमुने दिले. व्हॅन दुसऱ्या चालकाने नेली. औषध अजून लागू पडतं की जंतू त्याला सरावलेत, हे अहवालच सांगणार होता. दुपारचे चार वाजले. उघड्या खिडकीखालच्या बाकावर, तोंडाला मास्क लावून, मध्ये हातभर अंतर ठेवून दोघं बसून होती. अहवाल अजून आला नव्हता.