उलटे ओघळ

मालगाडीचा छोटा डबा जोडायला अर्धा दिवस पुरतो. तो जुना करायला तीन आठवडे लागतात.

दुकानातून आणलेला तळहाताएवढा प्लास्टिकचा डबा कितीही बारकाईने जोडला तरी खेळण्यासारखाच दिसतो. त्याने ऊन खाल्लेलं नसतं. त्याच्यात कोणी सिमेंटची पोती फेकलेली नसतात. म्हणून आम्ही त्याला मळवतो. आधी गंजाचा रंग, त्यावर ओल्या मिठाचे कण, त्यावर डब्याचा मूळ रंग. रंग वाळला की मीठ घासून काढायचं. जिथे कण होते तिथे खालचा गंज डोकावतो. मग खडूची पूड, पातळ काळपट रंगाचा हात, आणि शेवटी चकाकी घालवणारं वार्निश.

चौतीस वर्षं मी शाळेत हस्तकला शिकवली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी सात मुलांचा वर्ग घेऊ लागलो. खोलीला एकच मोठी खिडकी, खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर वर्तमानपत्रं. भिंतीवर मी ठळक अक्षरांत एक वाक्य लावलं आहे : कारणाशिवाय डाग नाही. मुलांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो. गंजाचा ओघळ काढलास, तर तो कुठल्या बोल्टपासून निघाला ते दाखव. धूळ लावलीस, तर ती कुठल्या गावची ते सांग. मुलं कंटाळतात, पण महिन्याभरात रस्त्यावरची प्रत्येक गाडी वाचू लागतात.

त्या वर्षी ताईने मला एक फोटो आणून दिला.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सत्तरी ओलांडली तरी मला अजून बाळ्याच म्हणते, मुलांच्या देखत सुद्धा. फोटोत भाऊजी उभे होते, तिचे यजमान. मागे लोखंडी बंदिस्त डबा आणि भाऊजींचा डावा हात त्याच्या सरकत्या दारावर. ते डबे दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार होते. डब्यांच्या आतली लाकडी जमीन बसवायचे, प्रत्येक फळीला दोन खिळे तिरके मारून. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ते डबा घेऊन, म्हणजे जेवणाचा, कामावर गेले आणि परत आले नाहीत. त्याच दिवशी कारखान्यातून एक दुरुस्त डबा गाडीला जोडून निघाला, तो कुठल्याच स्टेशनवर पोहोचला नाही. कार्यालयाने आकड्यांची चूक म्हणून फाईल मिटवली. भाऊजींची फाईल लोकांनी मिटवली.

"पळून गेला," ताईची नणंद चारचौघांत म्हणाली होती. "हिच्या तोंडाला कंटाळून. मी असते तर आधीच गेले असते."

जिच्या तोंडाला आमचं सगळं घर घाबरायचं, ती ताई तेव्हा गप्प बसली, ते मला जास्त लागलं होतं.

"हाच तो डबा," फोटोवर बोट ठेवून ताई म्हणाली. "त्यांच्या ट्रंकेत सापडला फोटो. नंबर तोच आहे. मला करून दे. हुबेहूब."

"कशाला, ताई?"

"शेवटचा हात त्यांनी ह्याला लावला. समोर असला की विचारीन रोज. गेलात, की अडकलात? मरायच्या आधी मला एवढं एकच कळायला हवं, बाळ्या."

मी तीन आठवडे घेतले. भिंग लावून फोटोतला प्रत्येक ओघळ मोजला. दाराच्या खालच्या रुळाशी गंज, डाव्या कोपऱ्यात पोचा, छपराच्या कडेला पावसाचे पट्टे. वार्निश वाळल्यावर डबा फोटोशेजारी ठेवला आणि मनात स्वतःलाच शाबासकी दिली. ताई दोन महिन्यांसाठी बाहेरगावी मैत्रिणीकडे गेली होती. ती येईपर्यंत डबा काचेच्या कपाटात ठेवला.

पाचव्या दिवशी त्याच्या चाकांवर तांबडी धूळ दिसली.

मी ती लावलेली नव्हती. आमच्याकडची माती काळी. बोटाने पुसायला गेलो, तर धूळ वार्निशच्या खाली होती. वाटलं, वय झालं, केलं असेल आणि विसरलो असेन. दुसऱ्या आठवड्यात डब्याच्या खालच्या कडांना पांढरा खार फुटला. त्याचं कारण मला देता येत होतं : मीठ नीट निघालं नसणार. मी ते वहीत लिहिलंही. लिहिताना मात्र हात थांबला. खार चाकांवर आणि त्यांच्या स्प्रिंगांवरही होता, आणि तिथे मी मीठ वापरलंच नव्हतं.

तेव्हा मी हट्टाला पेटलो. तसाच दुसरा डबा आणला, त्याच रंगांनी, त्याच क्रमाने मळवला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात. रोज सकाळी नऊ वाजता दोन्ही डब्यांचे एकाच जागेवरून फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायची. विज्ञानाच्या बाई माझ्या शाळेत होत्या, त्यांना ही पद्धत आवडली असती.

दुसरा डबा जसाच्या तसा राहिला.

पहिल्यावर मात्र रोज काहीतरी चढत गेलं. तांबड्या धुळीवर पिवळट धूळ आली, तिच्यावर काजळी. मग गाळाचा एक पट्टा, पट्टीने आखल्यासारखा आडवा, डब्याच्या चारही बाजूंनी. चार दिवसांनी त्याच्याजवळ दुसरा. असे पट्टे कशाने पडतात ते मुलांनाही कळलं असतं : साचलेलं पाणी, चढलेलं आणि उतरलेलं.

रविवारी वर्गात मी दोन्ही डबे टेबलावर ठेवले. नुसतं बघायला सांगितलं. मुलांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे प्रश्नावली म्हणतात. तिने पहिला डबा नाकाशी धरला.

"सर, तुमची चूक झालीय."

"आली मोठी परीक्षक!" मागून कोणीतरी म्हणालं.

"थांब रे. सर, हे ओघळ बघा. बोल्टपासून वर चाललेत. पाणी वर जातं का?"

खरंच होतं. नवे ओघळ प्रत्येक बोल्टपासून निघून छपराकडे गेले होते. इतके दिवस मी फक्त फिकट-गडद बघत होतो, दिशा बघितलीच नव्हती.

"मग ह्याचं कारण काय असेल?" मी विचारलं. मास्तरचा आवाज सवयीने नीट निघाला.

तिने क्षणभर विचार केला आणि डबा उलटा केला. चाकं वर, छप्पर खाली. "आता बरोबर आहे," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

आता सगळं बरोबर होतं. ओघळ खाली येत होते. छपराशी गाळ दाट होता, चाकांकडे विरळ. मी डबा तसाच, उलटा, कपाटात ठेवला.

सोमवारी ताई आली. मी तिच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण तिने आल्या आल्या वही उचलली. चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचत गेली. चहा निवला. शेवटच्या पानावर तिने बोट ठेवलं.

"म्हणजे आधी तांबड्या मातीच्या मुलखातून गेला. मग खारट हवा. मग पाण्यात पडला, उलटा."

"ताई, हे प्लास्टिक आहे."

"तूच ना पोरांना शिकवतोस? कारणाशिवाय डाग नाही?"

मी निवलेला चहा बाजूला सरकवला.

"आतून बघ," ती म्हणाली.

"आत काही नाही. आतून मी रंगवलेलाच नाही. कोरं पांढरं प्लास्टिक आहे, आणि दार नुसतं वरून कोरलेलं. उघडतच नाही."

"बघ म्हणते ना."

मी पातळ पातं घेतलं. छप्पर मी स्वतः चिकटवलं होतं. सांध्यावरून पातं चारही बाजूंनी फिरवलं आणि ते उचललं. ओल्या चिखलाचा वास आला. मी खिडकीकडे पाहिलं, खिडकी बंद होती.

आत पांढरं काही उरलं नव्हतं. भिंती गंजल्या होत्या, खऱ्या लोखंडासारख्या, पापुद्रे सुटलेल्या. लाकडी जमिनीच्या फळ्या दिसत होत्या. त्या फळ्या मी बनवल्या नव्हत्या. प्रत्येक फळीला दोन खिळे, भाऊजींच्या पद्धतीने, तिरके मारलेले.

"हे काय?" ताईने विचारलं.

दाराच्या आतल्या बाजूला, काठापाशी, मोहरीएवढी एक जागा होती. तिथे गंज नव्हता. ती चकाकत होती.

मी भिंग लावलं. सांगू नये असं वाटत होतं. पण कोणी विचारलं आणि मला येत असलं, तर मला गप्प राहता येत नाही.

"जिथे रोज हात लागतो ना, तिथे गंज धरत नाही. जिन्याचा कठडा कसा गुळगुळीत होतो, तसं. ही जागा कोणीतरी... घासत असतं."

"दार उघडायला?"

"हो. तशीच जागा आहे."

"किती दिवस?"

मी पुन्हा पाहिलं. चकाकीच्या मधोमध पत्रा पातळ झाला होता, खड्डा पडल्यासारखा.

"पुष्कळ वर्षं," मी म्हणालो.

ताईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती हसली. बावीस वर्षांचं एक ओझं कोणीतरी तिच्या मानेवरून उचललं होतं.

"म्हणजे पळून नाही गेले."

"ताई..."

"दार उघड, बाळ्या."

"ते उघडत नाही. कापावं लागेल."

"मग काप."

मी पातं खाली ठेवलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. इतकंच कळत होतं की हे काम माझ्या हातून होणार नाही.

तिने पातं उचललं. शिवणकाम केलेले हात होते. दाराच्या कडेने तिने चार रेघा ओढल्या. प्रत्येक रेघ तीनदा. घाई न करता.

चौथी रेघ पुरी झाली.

दाराचा तुकडा टेबलावर पडला.

काहीच झालं नाही. बाहेर एक रिक्षा गेली. वर्तमानपत्रावर, दाराच्या चौकोनासमोर, पाण्याचा एक थेंब पसरत होता. तो छोट्या डब्यातून आला असेल इतकाच छोटा होता.

ताईने दाराचा तुकडा रुमालात बांधला. "येते," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर डबा बदलला नाही. मी महिनाभर नोंदी ठेवल्या. रोज तेच : फरक नाही. वही मिटली.

ताईचा फोन मात्र आला नाही, आणि मी केला तर ती दोन शब्दांत ठेवून द्यायची. शेवटी एका दुपारी मी तिच्याकडे गेलो. तिने हसत दार उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. कितीतरी वर्षांनी ती गुणगुणत होती.

स्वयंपाकघराशेजारी तिची एक अडगळीची खोली आहे, आतून बाहेर ढकलून उघडणाऱ्या दाराची. त्या दारावर नवी कडी दिसली.

"ही कधी बसवलीस?"

"परवा. कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं."

"बाहेरून?"

"बाहेरूनच. आतून कशाला?"

"खोलीत काय आहे, ताई?"

"तुझी मास्तरकी घरी ठेवून येत जा," ती म्हणाली. "चहात साखर कमी घालू की तेवढीच?"

तिने खुर्ची ओढली आणि त्या दाराला पाठ टेकवून बसली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. माझ्या गुडघ्यांबद्दल, तिच्या मैत्रिणीच्या सुनेबद्दल. मधेच, कुणाशी बोलते आहे ते न कळावं अशा सुरात, ती म्हणाली, "बावीस वर्षं मी थांबले. आता त्यांनी थांबायचं."

कप विसळायला ती मोरीकडे गेली, तेव्हा मी उठून कडी जवळून पाहिली. स्टीलची होती, दुकानाचा कागद अजून चिकटलेला. खाली फरशीवर ताजा भुसा पडला होता.

पण चारही स्क्रूंची भोकं लांबट झाली होती. त्यांच्या कडा गुळगुळीत होत्या, काळ्या पडलेल्या. लाकूड असं दोन दिवसांत झिजत नाही. रोज, आतून, एकाच जागी ढकलत राहिलं, तर त्याला वीसेक वर्षं लागतात.