डोणीतला नाच

"त्या डोणीत मी पाय ठेवणार नाही म्हणजे नाही!" धाकटीच्या लग्नाच्या भर पंगतीत उर्स्यूलने चमचा आपटला आणि अख्ख्या अंगणाच्या माना तिच्याकडे वळल्या...

आमच्या गावची रीतच तशी! धाकटीचं आधी उरकलं, की बिनलग्नाच्या थोरलीने डुकराला खरकटं घालायच्या लाकडी डोणीत उभं राहून नाचायचं. नाही नाचली तर नवरीचं नशीब फुटतं म्हणे! आई गेली तेव्हा ही धाकटी, ब्लांदीन, सात वर्षांची. तिचा गोवर, तिची शाळा, घरच्या गाई, सगळं उर्स्यूलने ओढलं. त्याच साली शेजारचा आन्सेल्म मागणी घालायला यायचा होता, तो आलाच नाही. आयतं पोर पदरात असलेली बायको कोणाला हवी! उर्स्यूलने अश्रू गिळले, पण बहिणीला कधी बोल लावला नाही. आणि त्या त्यागाचं फळ काय, तर डुकराची डोण!

"नाच गं बाई, सूप निवतंय," म्हातारा बाप करवादला.

तोच नवरी हुंदका देऊन उठली. "नको नाचूस, ताई! पाप माझं आहे... आन्सेल्म आला होता गं! तू धारा काढत होतीस. मीच फाटकातून त्याला सांगितलं, तुझ्या मिशा बघून ताईला मळमळतं, परत येऊ नकोस. त्याची फुलं शेळीला घातली..."

बावीस वर्षं! उर्स्यूलने टेबलाच्या टोकाला पाहिलं. सहा पोरांचा बाप आन्सेल्म, पट्टा सैल करून, बदकाची तंगडी चोखत होता.

"दुसऱ्याच दिवशी काढल्या होत्या मी मिशा," तो हळूच म्हणाला.

"मग पुन्हा कशाला वाढवल्यास?" त्याची बायको कडाडली.

उर्स्यूलला हसावं की रडावं कळेना. ती तरातरा गेली, झगा वर खोचून डोणीत उभी राहिली आणि नवरीकडे बघून गरजली, "ये आत!"

"मी? अगं, हे पांढरे बूट..."

"आत ये, चोरटे! रीत माझी, शिक्षा तुझी!"

अकॉर्डियन सुरू झालं. दोघी बहिणी डोणीत थयथय नाचल्या, पांढऱ्या झग्यावर खरकटं उडालं, बाप सूप विसरून टाळ्या पिटू लागला. ब्लांदीनने बहिणीच्या गळ्यात तोंड लपवलं. "तू मला सोडून जाशील, अशी भीती वाटली होती गं, ताई..."

"आणि आता तूच निघालीस ना, भवाने!" उर्स्यूल म्हणाली, आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडली.