शेवटच्या गाळ्याआधीची हाक

बसा रे दोघं. दिवे काही इतक्यात येत नाहीत. कुंपणाचं विचारत होतात ना? खांब सिमेंटचे घ्या, काटेरी तार पाचपदरी लावा, आणि दुकानदार गोड बोलून ती पातळ जाळी गळ्यात मारेल, ती मुळीच घेऊ नका. झालं तुमचं उत्तर. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या त्या जागेतून पायवाट जाते का? नीट आठव रे धाकट्या. तू उगाच मान डोलावतोस.

का विचारतो, ते ऐका. ही आमच्या दाजींची हकिगत आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. तुम्ही पाहिलंय त्यांना इथे, उंच, कमी बोलणारे. पंचवीस वर्षं त्यांनी कुंपणं घालण्यात काढली. हाताला इतके घट्टे की पक्कड धरली काय नि पाण्याचा पेला धरला काय, सारखंच. थापा मारणं त्यांच्या रक्तात नाही. तो मान आमच्या घरात माझा. पण हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, एकदाच, आणि पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

त्यांची एक पद्धत होती. सगळी जागा तारेनं वेढून झाली, दोन खांबांमधला शेवटचा गाळा तेवढा उरला, की पक्कड खाली ठेवायची, जागेत आडवंतिडवं फिरून यायचं आणि तीन वेळा हाक मारायची. ‘आत कोणी असेल तर बाहेर या, तार बांधतोय.’ उमेदवारीच्या काळात एक वासरू असंच आत राहिलं होतं. रात्री आईकडे जायला धडपडलं आणि सकाळी तारेत अडकून मेलेलं सापडलं. तेव्हापासून ओसाड माळ असला तरी दाजी हाक मारायचेच. लोक हसायचे. आम्हीही कमी हसलो नाही.

तर दोन वर्षांपूर्वी त्यांना एका सिस्टरबाईंचं काम आलं. दवाखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, दोन एकर जागा, मधोमध दोन खोल्यांचं घर. नवरा अंथरुणावर. अर्धांगवायूनं डावं अंग गेलेलं, बोलणंही जेमतेम. बाई एकट्या त्यांचं सगळं करायच्या, कूस बदलण्यापासून भरवण्यापर्यंत. त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी ‘हे’ यायचे. त्या माणसाशिवाय बाईंना दुसरं जग नव्हतं.

त्रास असा, की रात्री त्या जागेतून कोणीतरी जायचं. पूर्वेच्या कोपऱ्यातून शिरायचं, नवऱ्याच्या खिडकीखालून जाऊन पश्चिमेच्या कोपऱ्यातून बाहेर. कधी काडीही चोरीला गेली नाही. गवतात एक पाऊलभर रुंद वाट तेवढी पडलेली. बाईंनी दोनदा बॅटरी घेऊन पाळत ठेवली, दिसलं कोणी नाही. नवरा मात्र रोज रात्री त्या सुमाराला जागा व्हायचा आणि म्हणायचा, जाऊ दे त्याला. म्हणून कुंपण.

डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी पावणेसहाला पश्चिमेच्या कोपऱ्यातला गाळा तेवढा उरला. दाजींनी सवयीनं पक्कड खाली ठेवली आणि तोंडाशी हात नेले. तेवढ्यात बाई धावत आल्या. ओठावर बोट. म्हणाल्या, दोन रात्रींनंतर यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय, ओरडू नका हो भाऊ.

दाजींना दया आली. आजारी माणूस झोपलाय, कशाला उठवा? त्यांनी नुसती नजर फिरवली. दोन एकर मोकळी जागा, उंदीरही लपणार नाही. हाक न मारता त्यांनी पाचही तारा ताणून बांधल्या आणि घरी आले.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाई कुजबुजत होत्या.

“भाऊ, तार वाजतेय.”

दाजी म्हणाले, जनावर असेल. बाई म्हणाल्या, जनावर एका जागी धडपडेल. हे एकेका खांबाशी थांबतंय. तार हलवून बघतंय. मग पुढचा खांब. पूर्ण फेरा झाला, दुसरा चालू आहे.

“आतून?” दाजींनी विचारलं.

बाई म्हणाल्या, आतून.

मग म्हणाल्या, आता तार वाजत नाहीये. दाजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणाले, गेलं म्हणजे.

“नाही... आता घराभोवती फिरतंय.”

आणि फोनमध्ये मागून त्या आजारी माणसाचा आवाज आला. दोन वर्षांत असा स्वच्छ बोलला नव्हता तो. म्हणाला, “बाहेर कसं जायचं, ते तो मला विचारतोय.”

दाजींनी मोटरसायकल काढली. ताई दारात आडवी आली, तिला बाजूला करून निघाले. चूक आपली आहे, हे एकच डोक्यात. आपण कोंडलंय, आपणच सोडवायचं. त्या आजारी माणसाला काही व्हायच्या आत.

अकरा पस्तीसला पोचले. पश्चिमेचा कोपरा. चांदणं नव्हतं. घरात एक दिवा. खालून तारा तोडायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाचवीला हात लावला आणि थांबले. तार थरथरत होती. वारा नव्हता... पलीकडच्या खांबाशी कोणीतरी ती धरून उभं होतं.

तोडली.

मग सहा तास उशिरा दाजींनी हाक मारली. “आत कोणी असेल तर बाहेर या.”

काही नाही.

दुसरी हाक. गवत वाजलं. जवळच.

तिसरी हाक पुरी झाली नाही. दाजी बाजूला झाले. मान खाली. डोळे मिटलेले. पावलं आली... उजव्या अंगाने... गेली. रस्त्याकडे. ना थांबली, ना वळली. दाजींच्या गार पडलेल्या अंगात जीव आला. सुटलो म्हणाले. वाकून पक्कड शोधू लागले.

तेव्हा पुन्हा गवत वाजलं.

घराकडून. सावकाश. एक पाऊल टेकत होतं... दुसरं फरफटत होतं. टेकत... फरफटत. त्यांना वाटलं, बाईच येतायत धावपळीत, पायात काही अडकलं असेल. मान वर न करताच म्हणाले, “सिस्टर, सावकाश या. तारेचे तुकडे पडलेत.”

पावलं शेजारून गेली. टेकत... फरफटत... रस्त्याकडे.

आणि खिशातला फोन वाजला.

“भाऊ...” घरातून बाई बोलत होत्या. “भाऊ, आत या ना... हे उठत नाहीयेत.”

...

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही. आजारी माणूस, थंडीचे दिवस. बाईंनी कधी दाजींना बोल लावला नाही. दाजींनी मात्र त्या रात्रीनंतर पक्कड हातात धरली नाही. त्यांच्या मनात एकच रुतून बसलंय. वेळेवर हाक मारली असती, तर आत कोंडलेला तो एकटाच गेला असता.

बाई अजून तिथेच राहतात. तो गाळा त्यांनी बांधू दिला नाही. रात्री त्याच खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, म्हणे. गेल्या महिन्यात ताईबरोबर मी त्यांना भेटायला गेलो होतो, सकाळचा. खिडकीखाली वाट आहे गवतात, एक पाऊलभर रुंद, दाजींनी सांगितली तश्शी. आणि तिला लागून दुसरी आहे. नवी. तिच्यात उजव्या पायाचे ठसे आहेत, आणि डावीकडे नुसती एक लांबच लांब ओरखड्याची रेघ.