काळा काठ, लाल ठिपका

अनुपमाने पिशवीतून सहा इंची पट्टी काढली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी तरुणाच्या टॅबलेटला लावली.

एसटीत परक्या माणसाच्या वस्तूला असं माप लावायचं म्हणजे जरा अतीच. पण तिच्या बाजूने एवढंच सांगता येईल, की तो झोपला होता. टॅबलेट मांडीवर, मान खिडकीकडे. पडद्याभोवतीचा काळा काठ होता जेमतेम सहा मिलिमीटर.

"कव्हर शिवून राहिल्या का त्याले?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

पट्टी तिच्या हातून सुटली, सीटखाली गेली. ती काढायला दोघंही एकदम वाकले आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"तुमी झोपले होते ना?" कपाळ चोळत ती म्हणाली.

"मूर्तिजापूरपर्यंत होतो. मंग कोनीतरी मोजमाप सुरू केलं..."

बाहेर परतीच्या पावसाची सर आली होती. पुढच्या सीटच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती आणि तुषार थेट तिच्या मांडीवरच्या खोक्यावर येत होते. त्याने गळ्यातला दुपट्टा काढला, हात लांबवून त्या फटीत कोंबून दिला. अनुपमाला बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं — ओळख ना पाळख, एवढी काळजी कशाला?

हा तिचा स्वभावच. अकोल्यातल्या एका नामांकित वकिलाची लेक. उलटतपासणी रक्तातच होती. त्यातून मागच्या वर्षी साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना कळलं, की होणाऱ्या नवऱ्याने दाखवलेली पदवी खोटी आहे. शिक्का, सही, सगळं हुबेहूब. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; अनुपमा तर आता पाणीसुद्धा फुंकत होती.

"मोजत काय होत्या, ते तर सांगा," तो म्हणाला.

मग तिने सांगितलं. तिच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. कापसाच्या जिनिंगवाले देवरावजी, त्यांनी आपल्या आईच्या, केशरबाईंच्या स्मरणार्थ पंधरा टॅबलेट दिले. अमरावतीचा दुकानदार दाखवायला आला तेव्हा त्याच्या हातात अस्साच बारीक काठाचा, देखणा टॅबलेट होता. आणि पाठवले ते? तिने खोकं उघडून दाखवलं. काळा काठ चांगला अंगठ्याएवढा रुंद.

"माल बदलला त्यानं," ती म्हणाली. "देखना दाखवला, बेढब पाठवला. आता मी ग्रंथपाल. माल बरोबर मिळाला म्हणून सही मले कराची आहे."

त्याने खोक्यावरचं दुकानाचं लेबल पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. तिला दिसलं. अशा गोष्टी तिला दिसतातच.

"तुमी पाह्यलं होतं का त्या दुकानदाराले?"

"मी रजेवर होती. आमचे चिटणीस नत्थुजी, त्यांनी पाह्यलं."

"कसा होता म्हने?"

"गोड बोलनारा."

"मंग तर चोरच असन," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पन एक इचारू? काठ रुंद म्हनजे माल खोटा, हे कोनं सांगतलं? साडीचा काठ रुंद असला तर तुमी बाया जास्त भाव देता."

"साडीचं वेगळं."

"तेच म्हनतो. इथं उलटं काहून आहे, हे कधी इचारलं का?"

"तुमाले लय माहीत दिसते."

"थोडंसं..." तो खिडकीबाहेर पाहू लागला. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. अनुपमाने ते हसू मनातल्या मनात नोंदवून ठेवलं — पुरावा म्हणून.

अमरावतीला पोचल्यावर राजापेठेतली ती गल्ली शोधण्यात तिची वीस मिनिटं गेली. दुकानाची पायरी चढली आणि थबकलीच. गल्ल्यामागे तोच बसला होता, ओले केस पुसत.

"या. पट्टी आनली ना?"

तिचं डोकंच फिरलं. "बसमधी सांगतलं काहून नाही?"

"तुमी शिव्या देऊन राहिल्या होत्या. मधात बोललो असतो तर अर्ध्याच ऐकाले भेटल्या असत्या." त्याने स्टूल पुढे सरकवलं. "मी केयूर. बसा. आधी उघडून दाखवतो, मंग जे म्हनाचं ते म्हना."

त्याने दुरुस्तीला आलेला एक जुना, स्वस्तातला टॅबलेट उघडला. एकेक भाग वेगळा करून पांढऱ्या कापडावर मांडला. बोटं लांब होती आणि फार हळुवार चालत होती. ती बोटं पाहायला आली नव्हती, हे तिने स्वतःला बजावलं.

"हे पाहा. पडद्यामागं उजेड लागते, त्याच्या बारीक दिव्यांची पट्टी या काठाशी. चित्र उमटवनारी चिप खालच्या काचेवरच बसवली, तिले जागा लागते. बोट लागलं हे ओळखनाऱ्या तारा दोन्ही बाजूनं खाली आल्या. वरची काच धरून ठेवाले गोंदाची पट्टी. हे सारं झाकाले वरून काळा काठ. लबाडी नाही, सामान आहे त्याच्याखाली."

"आन् महागड्यात सामान नसते?"

"असते ना. पन तिथं चिप काचेवर ठेवत नाहीत. पातळ पट्टीवर घेतात आन् ते पट्टी दुमडून मागं खोचतात. निऱ्या खोचता तुमी, तशी." तो बोलून गेला आणि एकदम लाल झाला. "म्हनजे... बाया खोचतात. तारा, गोंद, सगळं केसासारखं बारीक. जोडनी जराशी हुकली की नग वाया. त्या वाया गेलेल्याचा भाव चांगल्यावर चढते. बारीक काठाचे पैसे लागतात ते असे."

पटत होतं. म्हणूनच तिला भीती वाटली. मागच्या वर्षीचंही सगळं असंच पटलं होतं.

"कागद दाखवा."

त्याने कागद काढला. त्यावर याच रुंद काठाच्या टॅबलेटचं नाव होतं आणि खाली नत्थुजींची सही. तिने तिथूनच अकोल्याला फोन लावला.

"सही माहीच असन, बाई," नत्थुजी म्हणाले. "त्या दिवशी चश्मा घरी राह्यला होता. पोराच्या हातातलं यंत्र लय झ्याक दिसलं, म्हटलं कागद काय वाचाचा!"

केयूरने स्वतःचा टॅबलेट समोर ठेवला. "हा माह्या वापरातला. अभ्यासाचा प्रोग्राम दाखवाले आनला होता. तुमच्या पोरांले मी हा देलाच नसता. आठ-आठ तास धरून बसतीन ते. अंगठा ठेवाले जागा पाहिजे. आन् पडला तर? तुमचा पडला तर वरची काच बदलली की झालं. माह्याची काच आन् पडदा एकमेकाले चिकटलेले. एक फुटलं की दोन्ही गेले."

त्याने दह्यातला गिला वडा मागवला. तिने आधी वास घेतला, मग खाल्ला. तो पाहत होता, पण हसला नाही.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण देवरावजींनी नवंच काढलं. पंखा असो, पाण्याची टाकी असो, दिलेल्या वस्तूवर दात्याचं नाव हवंच. आणि तेही समोरून दिसेल असं. 'कै. केशरबाईंच्या स्मरणार्थ.' ते तर भांड्यांवर नावं कोरणाऱ्याकडे टॅबलेट घेऊन निघालेच होते. "काच आहे ते देवरावजी, परात नव्हे!" असं फोनवर ओरडून केयूरने त्यांना थांबवलं. रुंद काठावर तो छापील नावाची पट्टी लावून देणार होता. नाव मावायला तेवढाच काठ होता. पाच-पाचचे तीन घाणे. एका शनिवारी द्यायचे, पुढच्या शनिवारी न्यायचे.

नेण्या-आणण्याचं काम अनुपमाने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कोणावर तिचा भरवसा नव्हता. केयूरवर तरी कुठे होता? दुकानात राहिल्यावर आतला माल बदलला तर? म्हणून तिने घरी एक युक्ती केली. नेलपॉलिशची लाल बाटली काढली, आणि पंधराही टॅबलेटच्या काळ्या काठावर, खाली डाव्या कोपऱ्यात, टाचणीने एकेक ठिपका दिला. खसखशीच्या दाण्याएवढा. माहीत असल्याशिवाय दिसायचा नाही.

पहिले पाच आले. वाचनालयात भिंग लावून पाहिलं. पाचही ठिपके जागेवर. दुसरे पाचही ठीक. आणि त्या दोन शनिवारांत काय काय झालं! ती गेली की तो स्टूल पुसायचा. तिला कमी साखरेचा चहा लागतो हे न सांगता त्याला कळलं होतं. कसं कळलं, याचाही तिने आधी संशय घेतला. मग आठवलं, पहिल्या दिवशी तिने अर्धा कप तसाच ठेवला होता. एकदा तो म्हणाला, "तुमी पाहता तेव्हा असं वाटते का मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहो."

"मंग खरं बोला."

"तुमची वेनी आज उलट्या बाजूनं आहे."

ती परतीच्या बसमध्ये अमरावतीपासून मूर्तिजापूरपर्यंत हसत होती. तिला तो आवडला होता. साफ आवडला होता. आणि त्याचीच तिला धास्ती होती, कारण आवडलेला माणूस खोटा निघाला तर काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पहिल्यांदा फसलं तर लोक फसवणाऱ्याला नावं ठेवतात. दुसऱ्यांदा फसलं तर आपल्याला.

तिसरा घाणा आला. अकरा, बारा... ठीक. तेरा नंबर...

ठिपका नव्हता.

तिने भिंग पुसलं. टॅबलेट उजेडात नेला, फिरवून पाहिला. काठ कोरा करकरीत होता.

त्या आठवड्यात ती कोणाशी धड बोलली नाही. शनिवारी भर दुपारी दुकानात शिरली आणि तेरा नंबर त्याच्यासमोर ठेवला.

"हा आमचा नाही."

एरवी फटकन बोलणाऱ्या केयूरने टॅबलेट नुसताच उलटा करून खाली ठेवला. झालं... तेच ते. पुन्हा तेच.

त्याने खालचा खण उघडला, वर्तमानपत्राची पुडी काढली, हळूच सोडली. आत तडकलेली काच होती. काळ्या काठाच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका.

"माह्या हातून पडला. फक्त वरची काच बदलली, आतलं सगळं तुमचंच आहे. सांगाले पाहिजे होतं. चुकलो." तो मान खाली घालून म्हणाला. "जुनी काच टाकली नाही. म्हटलं, तुमी इचारसानच."

"ठिपका... तुमाले माहीत होता?"

"पहिल्याच शनिवारी दिसला. काचेचं काम करतो मी, मॅडम. धुळीचा कनही दिसते."

तिचे कान तापले. "राग नाही आला?"

"आला. अर्धा घंटा होता." तो जरासा हसला. "मंग वाटलं, जोपर्यंत यांले माहा संशय आहे, तोपर्यंत ह्या दर शनिवारी येतीन. संशय फिटला का पंधरा नग घेऊन जातीन... मंग मी कोनाची वाट पाहू?"

बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. अनुपमाला तो ऐकूच आला नाही. तिच्या वकिली डोक्यात मात्र एक प्रश्न उरलाच होता.

"नव्या काचेवर लाल ठिपका देता आला असता. मले कधीच कळलं नसतं."

केयूरने मान हलवली. "गेलो होतो दुकानात. तोच रंग भेटला. बाटली हातात घेतली होती..."

"मंग?"

"मंग ठेवून देली. काच मी फोडली, ते एक. तुमचा ठिपका खोटा काढनं, ते नाही जमलं मले."

शिक्का हुबेहूब, सही हुबेहूब — तो एक माणूस होता. आणि हा एक, ज्याला खसखशीएवढी लबाडी हातात घेऊनही जमली नाही. अनुपमाचे डोळे एकदम भरून आले. वर्षभर छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, आणि तिने डोळे पुसलेही नाहीत.

"रडू नका ना... काचेचे पैसे नाही घेत मी," तो घाबरून म्हणाला.

ती रडता रडता हसली. मग पर्समधून तीच लाल बाटली काढली.

"अंगठा पुढं करा."

"काहून?"

"करा म्हटलं ना."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या डाव्या हातात घट्ट धरला आणि अंगठ्याच्या नखावर, खाली डाव्या कोपऱ्यात, एक ठिपका दिला. नीट फुंकर घालून वाळवला.

"रविवारी अकोल्याले या. जठारपेठेत घर आहे. बाबा वकील आहेत, दहावीपासूनचे सगळे कागद पाहतीन."

"आन् तुमी?"

"मी फक्त अंगठा पाहीन," अनुपमा म्हणाली. "हाच मानूस पाहिजे मले. बदलून येऊ नका."