आधी अंदाज, मग शिक्का

पहिल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, तो निव्वळ जिना चुकून.

हातात कागदांचा गठ्ठा, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब आणि चेहऱ्यावर 'मी नक्की कुठे आलो?' असा भाव. आमच्या प्रयोगशाळेत नवा माणूस हमखास चुकतो, दोन्ही जिने अगदी सारखे दिसतात. मी बोटानेच दुसरा जिना दाखवला. तो वळला... आणि दारातच थबकला.

हातातला वरचा कागद पुढे धरून म्हणाला, "हे तेवीस नंबरचं... लोणी आहे ना?"

मी चमकलेच. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आकड्यांनी. शंभर ग्रॅममध्ये एक्याऐंशी ग्रॅम स्निग्धांश. प्रथिनं नावाला, कर्बोदकं नावाला. उरलं ते पाणी आणि मीठ. आणि मीठ जरा सढळ हातानेच घातलंय हो त्यांनी."

"इथे असं विचारायचं नसतं."

"मी विचारलं कुठे? मी तर सांगितलं."

आगाऊ कुठला! पण होतं लोणीच. आणि मीठही सढळच होतं, पुड्यावर तसं लिहिलंच होतं.

आमच्याकडे खाण्याचा कुठलाही पदार्थ तपासायला आला की आधी माझ्या टेबलावर येतो. मी नाव नोंदवते, वेष्टन काढते, नंबर देते. वर जातो तो फक्त नंबर. कुणाची ओळख नको, कुणाची भीड नको. वरचे लोक तपासून आकडे काढतात, ते आकडे पडताळून सही करायला हा नवा आला होता. सही झालेला अहवाल पुन्हा माझ्याकडे येतो, मी शिक्का मारते आणि ज्याचा त्याला देते. नंबरामागचं नाव सहा वर्षांत माझ्या तोंडून कधी फुटलेलं नाही. सगळे मला 'कुलूप' म्हणतात. म्हणू देत.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता पडताळणीवाला पुन्हा हजर. या वेळी जिना चुकला नव्हता.

"शिपाई आणतो ना अहवाल," मी म्हटलं.

"त्याचे गुडघे दुखतात." शिपाई बावीस वर्षांचा. "शिक्का मारायच्या आधी एक अंदाज करू? तुम्ही काही बोलू नका. 'हो'ही म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका."

"मी बोलतच नसते."

"तेच ते. चाळीस नंबर – उकडलेलं अंडं."

मी मान खाली घालून शाईच्या डबीचं झाकण उघडलं. ठप्प!

आणि मग रोजच चार वाजायला लागले. म्हणजे वाजायचे आधीही, पण मला ऐकू यायला लागले ते तेव्हापासून. "शेंगदाणे... नाही तर शेंगदाण्यांचं लोणी, आकड्यांना दोन्ही सारखंच," असं म्हणून तो टेबलावर कोपर टेकायचा. मी आपली शाईच्या डबीत बघत शिक्का मारायचे. कधी कधी मात्र इतका चुकायचा की बोलायची सोय नाही! कधी म्हणायचा खडू, कधी वाळलेला पाव. पाणी ब्याण्णव टक्के, साखर सहा, बाकी काही नाही – कलिंगड हो, शेंबडं पोरही सांगेल. हा म्हणाला, "शाकाहारी सूप?" मी मान वर करून त्याच्याकडे असं काही पाहिलं की हसू दातांत धरून ठेवावं लागलं. तोही पाहत राहिला. लोण्यातलं मीठ ओळखणारा माणूस कलिंगडाला अडतो कसा... माझ्या काही केल्या लक्षात येईना.

अशात एक दिवस आई डबा घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

बाबांना मधुमेह झाल्यापासून आई त्यांच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं भाजते. शेजारपाजारी कौतुक झालं, आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाने सांगितलं – मधुमेह्यांच्या फळीवर ठेवतो, पण प्रयोगशाळेचा दाखला आणा. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आत साखर. आयुष्यभर आम्हा सगळ्यांचे डबे भरणाऱ्या माझ्या आईला साठाव्या वर्षी स्वतःचं नाव छापलेली पिशवी हवी होती. पिशवीचा रंगही ठरला होता.

"आई, तू त्यात मध घालतेस," मी चौथ्यांदा म्हटलं. "मधही साखरच असते गं."

"मध औषधी असतो. तू नंबर दे."

मी आमच्या मॅडमना जाऊन सांगितलं, नमुना घरचा आहे. त्या म्हणाल्या, "नोंद कर, आणि नेहमीसारखी गप्प बस." नंबर पडला एकशे बारा.

गुरुवारी चार वाजता अहवाल खाली आला. मी आधी साखरेची ओळ पाहिली. तीन पॉइंट एक.

बाटल्याच्या बाटल्या मध ओतणाऱ्या बाईच्या बिस्किटांत तीन ग्रॅम? शक्यच नाही. पण खाली सही होती. शिक्का हातात होता. एक ठप्प आणि आईची पिशवी छापायला गेली असती. कुणाला कळणार होतं? मला. आणि त्या फळीवरून विश्वासाने पुडा उचलणाऱ्या, बाबांसारख्या प्रत्येकाच्या रक्ताला.

"एकशे बारा," तो कोपर टेकत म्हणाला. "पीठ भरपूर, स्निग्धांश वीस, पाणी जेमतेम, साखर नाहीच. खारी बिस्किटं."

मी मान वर केली. हसूबिसू काही नव्हतं. नुसतीच पाहत राहिले, आणि डोळे भरून आले मेले.

तो एकदम सरळ झाला. "चुकलो?"

नाव सांगायचं नाही, हो-नाही म्हणायचं नाही. माझाच नियम. पण सहा वर्षांत पहिल्यांदा माझी मान हलली – नाही. आणि बोट आपोआप मिठाच्या ओळीवर जाऊन थांबलं.

त्याने वाकून वाचलं. "मीठ नाही... म्हणजे खारं नाही. साखर नाही, म्हणजे गोड नाही. मग हे खाणार कोण? असं बिस्किट कुणी भाजेल तरी—" तो थांबला. अहवाल उचलला आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

अर्ध्या तासाने आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "कच्च्या टिपणात एकतीस पॉइंट शून्य आहे. उतरवून घेताना टिंब एक घर अलीकडे आलं, आणि मी न बघता सही ठोकली. तुम्ही बोलला नसतात तर..."

"मी कुठे बोलले?"

"खरंय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही फक्त पाहिलंत."

नव्या अहवालावर मी शिक्का मारला. ठप्प. इतका जड शिक्का मी आजवर मारला नव्हता.

पाच वाजता आई बिस्किटांचा नवा डबा घेऊन आली. माझ्या खोलीत खायला-प्यायला बंदी, म्हणून आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. तोही छत्री शोधण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होता.

"एकतीस? अगं, कण नाही घातलेला साखरेचा!"

"काकू," तो न राहवून म्हणाला, "मध आणि साखर पोटात गेल्यावर सख्ख्या बहिणीच."

"तुम्ही कोण?"

"सही माझी आहे."

आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं, आता काही याची धडगत नाही. पण ती मटकन पायरीवरच बसली. "म्हणजे... हे रोज आठ खातात. तरीच यांची साखर उतरेना! आणि मी डॉक्टरला नावं ठेवली, दोनदा!" तिने पदर डोळ्यांना लावला. "पिशवीचा रंगही सांगून ठेवला होता गं मी."

मी तिच्याशेजारी बसले. तो दोन पायऱ्या खाली उतरून उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांसमोर.

"पिशवी छापाच. 'मधाची बिस्किटं' म्हणून, साध्या फळीवर, खरे आकडे घालून. चांगली असतील तर लोक घेतील."

"असतील तर?" आईचा पदर खाली आला. "आधी खाऊन बघा, मग बोला!"

डबा उघडला. त्याने एक बिस्किट तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मग दुसरं उचललं. आई उठली, पदर खोचला. "मी निघते. दुकान बंद व्हायच्या आत दुकानदाराशी बोलून घेते." चार पावलं जाऊन वळली आणि माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "डबा राहू द्या. घरी आणून दिलात तरी चालेल."

आई गेली. पाऊस भुरभुरत होता. छत्री त्याच्या काखेतच होती म्हणा.

"इतक्या दिवसांत मला एक कळलंय," तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाला. "अंदाज बरोबर आला की तुम्ही खाली बघता, शाईच्या डबीत. चुकला... की माझ्याकडे बघता."

मी पायरीवरचे बिस्किटाचे कण झटकले.

"कलिंगड मला ओळखता येतं हो."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं तेव्हा कानांपर्यंत ऊन चढलं. सूप काय, खडू काय, वाळलेला पाव काय... शहाणा! रोज मुद्दाम चुकत होता.

"आज मात्र खरंच चुकलो होतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही जसं पाहिलंत ना... वर जाताना मी ठरवलं, यापुढे खोटं चुकायचं नाही. एक अंदाज करू? शेवटचा."

"करा."

"मी उद्या डबा द्यायला घरी आलो... आणि परवा काहीच द्यायचं नसताना आलो... तर तुला आवडेल."

तुला! सवयीने माझी नजर खाली वळली, पण पायरीवर शाईची डबी कुठे असायला? मी मान वर केली, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि सहा वर्षं कुणालाच न सांगितलेला शब्द अगदी सहज सांगून टाकला.

"बरोबर."